ओल्या भाकरीवरची बुरशी आणि चरबीचा फुगा

स्मरणिका समितीनं मला धरणाचा इतिहास लिहायला सांगितलं होतं. तो या अंकात दुसऱ्या कुणीतरी माझ्यापेक्षा चांगला लिहिला असेल. १९८० साली पूर्ण झालेलं उजनी धरण, यशवंतसागर, ११७ टीएमसी पाणी, बुडालेली गावं, उन्हाळ्यात पाणी उतरलं की पलीकडच्या काठाला वर येणारं पळसदेवचं जुनं देऊळ, हे सगळं आपल्याला तोंडपाठ आहे. पाणी चढायला लागलं तेव्हा आपण प्राथमिक शाळेत होतो आणि दप्तराबरोबर घराचे वासेही बैलगाडीत घालून नव्या वसाहतीत आलो होतो. पण मी तीस वर्षं टेंभुर्णीत औषधांचं दुकान चालवतो. मला इतिहास येतो तो औषधांचा, आणि त्यातल्या एका औषधाचा इतिहास आपल्या वर्गाच्या दारापर्यंत आलेला आहे. तो लिहितो.

सुरुवात नववीच्या वर्गातून करावी लागेल. विज्ञानाच्या सरांनी एक प्रयोग घरी करायला सांगितला होता, आठवतो का? पुस्तकात पावाचा तुकडा होता. वसाहतीत पाव कुठून आणणार, म्हणून सर म्हणाले, भाकरी घ्या. तुकडा ओला करायचा, ताटलीत ठेवायचा, वर पेला उपडा घालायचा आणि चार दिवस हात लावायचा नाही. पाचव्या दिवशी भाकरीवर कापसासारखं पांढरं जाळं आणि त्याच्या टोकांना काळे ठिपके. सरांनी फळ्यावर चित्र काढून नाव लिहिलं, म्युकर. शेवटच्या बाकावरचा आपला एक दोस्त (पाण्यात सगळ्यात लांब बुडी मारणारा तोच, नाव लिहू नको असं त्यानंच बजावलंय) आपली ताटली घेऊन आला आणि म्हणाला, "सर, माझ्या आयनं भाकरी टाकून दिली अन् मला बदडलं. मार्क द्या." सरांनी मार्क दिले.

२०२१च्या मे महिन्यात त्याच बुरशीच्या कुळानं त्याचा डावा डोळा नेला.

त्या उन्हाळ्यात काय चाललं होतं ते सांगायला नको. दुसरी लाट होती. त्याला कोरोना झाला, ताप होता, पण बोटाला लावायच्या यंत्रावर ऑक्सिजन ९६ दाखवत होता. त्याच्या पाव्हण्याला एका डॉक्टरांनी स्टिरॉइडच्या गोळ्या लिहून दिल्या होत्या आणि पाव्हणा बरा झाला होता. त्यानं त्या चिठ्ठीचा फोटो मला व्हॉट्सॲपवर पाठवला. चिठ्ठी त्याची नाही हे मला दिसत होतं. मी पाच दिवसांच्या गोळ्या दिल्या. पाच दिवसांनी त्याचा मुलगा परत आला, मी परत दिल्या. साखर तपासली का, एवढा एक प्रश्न मी विचारला नाही. त्याला मधुमेह होता आणि तो गोळ्या विसरत असे, हे मला दुकानाच्या वहीवरून ठाऊक होतं.

ब्रिटनमधल्या रिकव्हरी नावाच्या मोठ्या चाचणीनं २०२० सालीच दाखवून दिलं होतं की डेक्सामेथासोन रोज ६ मिलिग्रॅम, जास्तीत जास्त दहा दिवस दिलं, तर ज्यांना ऑक्सिजन लागतो त्यांचे मृत्यू कमी होतात. ज्यांना लागत नाही त्यांना फायदा नाही. मी ते वाचलेलं होतं. पण काउंटरच्या पलीकडं तीस माणसं तोंडाला रुमाल बांधून उभी असताना वाचलेलं डोक्यात राहत नाही, असं मी स्वतःला पुष्कळ दिवस सांगितलं. आता सांगत नाही.

स्टिरॉइडनं साखर चढते आणि बुरशी खाणाऱ्या पांढऱ्या पेशी मंदावतात. ही बुरशी आपल्याला नवी नाही. शेणखतात, उकिरड्यावर, सडक्या फळांत तिचे बीजाणू असतातच, आणि आपण रोज ते नाकातून आत घेतो. धडधाकट माणसाला काही होत नाही. साखर वाढलेली आणि पांढऱ्या पेशी सुस्तावलेल्या असल्या की ती नाकाच्या बाजूच्या पोकळ्यांत रुजते, रक्तवाहिन्यांत शिरते आणि त्या बंद करते. रक्त पोचत नाही तिथलं मांस मरून काळं पडतं. वर्तमानपत्रांनी काळी बुरशी म्हटलं, पण काळं असतं ते मेलेलं मांस. मधुमेह वाढलेल्या आपल्या देशात हा रोग कोरोनाच्या आधीही इतर देशांपेक्षा जास्तच होता.

त्याचा गाल सुजला, वरचे दात बधिर झाले, नाकातून काळपट पाणी आलं. सोलापूरच्या एका रुग्णालयात दुर्बिणीनं नमुना घेतला आणि सूक्ष्मदर्शकाखाली रुंद, पडदे नसलेले धागे दिसले. शस्त्रक्रिया झाली, डोळा काढावा लागला. आणि डॉक्टर म्हणाले, आता लायपोसोमल अ‍ॅम्फोटेरिसिन बी आणा. वजन साठ किलो, किलोला ५ मिलिग्रॅम म्हणजे रोज ३०० मिलिग्रॅम. एका बाटलीत ५०. म्हणजे दिवसाला सहा बाटल्या, आणि असे कित्येक आठवडे.

इथून औषधाचा इतिहास सुरू होतो, आणि तोही एका नदीकाठच्या मातीतूनच. व्हेनेझुएलातल्या ओरिनोको नदीच्या काठची माती अमेरिकेतल्या स्क्विब कंपनीच्या प्रयोगशाळेत पोचली. तिच्यातल्या स्ट्रेप्टोमायसिस नोडोसस नावाच्या सूक्ष्म जीवापासून १९५०च्या दशकाच्या मध्यात दोन पदार्थ मिळाले, अ‍ॅम्फोटेरिसिन ए आणि बी. बी अधिक जोरदार निघाला. बुरशीच्या पेशीच्या आवरणात एर्गोस्टेरॉल नावाचं द्रव्य असतं. हे औषध त्याला चिकटतं, आवरणाला भोकं पाडतं आणि पेशीतले क्षार बाहेर गळून जातात. अडचण अशी की माणसाच्या पेशीच्या आवरणात कोलेस्टेरॉल असतं आणि ते एर्गोस्टेरॉलचं चुलतभावंडच. औषध तिथंही थोडंफार चिकटतं आणि सगळ्यात जास्त मार बसतो मूत्रपिंडाला. शिवाय ते पाण्यात विरघळत नाही. म्हणून पित्तातल्या क्षाराच्या जातीचं एक द्रव्य मिसळून ते शिरेतून देण्याजोगं केलं आणि १९५०च्या दशकाच्या अखेरीस बाजारात आणलं. पुढची तीस वर्षं जगभरचे डॉक्टर ते जीव मुठीत धरून देत राहिले. थंडी वाजून ताप येणं, उलट्या, क्रिएटिनिन चढणं, सगळं ठरलेलं. इंग्रजी बोलणाऱ्या डॉक्टरांनी त्याच्या नावाची मोडतोड करून त्याला 'भयंकर' असं टोपणनाव ठेवलं होतं.

दुसरा धागा इंग्लंडमधला. केंब्रिजजवळच्या बाब्राहम इथल्या संस्थेत अ‍ॅलेक बँगहॅम नावाचा शास्त्रज्ञ १९६०च्या दशकाच्या सुरुवातीला लेसिथिन पाण्यात हलवून इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली पाहत होता. लेसिथिन म्हणजे अंड्याच्या बलकात आणि सोयाबीनमध्ये असतो तो स्निग्ध पदार्थ. त्याच्या रेणूचं डोकं पाण्याला ओढतं आणि शेपटी पाण्याला बुजते. पाण्यात सोडलं की असे असंख्य रेणू शेपट्या आत आणि डोकी बाहेर करून दोन पदरी आवरण बनवतात आणि त्याचा बंद फुगा होतो. बँगहॅमला पेशीचं आवरण कसं असतं ते समजून घ्यायचं होतं, औषधाचा विचार त्याच्या मनात नव्हता. त्या फुग्यांना पुढं लायपोसोम हे नाव मिळालं. फुग्यात औषध भरून शरीरात सोडता येईल हे १९७०च्या दशकाच्या सुरुवातीला लंडनमध्ये ग्रेगरी ग्रेगोरियाडिस यांनी मांडलं.

अ‍ॅम्फोटेरिसिनला तर असं घर हवंच होतं, कारण त्याला पाणी नको आणि चरबी आवडते. ते फुग्याच्या पोटात बसत नाही, त्या दोन पदरी भिंतीतच चिणलं जातं. १९८०च्या दशकात ह्यूस्टनमध्ये गाब्रिएल लोपेझ-बेरेस्टाइन यांनी कर्करोगाच्या रुग्णांना हे दिलं. साध्या औषधानं बुरशी न हटलेले काही रुग्ण त्यानं सुधारले. कॅलिफोर्नियातल्या व्हेस्टार कंपनीचं अँबिसोम युरोपात १९९० साली आणि अमेरिकेत १९९७ साली मंजूर झालं.

त्याचा फुगा १०० नॅनोमीटरपेक्षा लहान असतो. नॅनो म्हटलं की आपल्याला टाटांची गाडी आठवते, नाहीतर कृषी सेवा केंद्रातली नॅनो युरियाची बाटली. नॅनोमीटर म्हणजे मीटरचा अब्जावा भाग. असे हजारएक फुगे एका ओळीत मांडले तर कुठं आपल्या डोक्याच्या एका केसाएवढी जाडी होईल. एवढा लहान असल्यामुळं तो रक्तात बराच वेळ फिरतो, वाटेत औषध सांडत नाही आणि मूत्रपिंडाला कमी त्रास देतो. बुरशीच्या भिंतीला जाऊन भिडला की औषध तिथं उतरवतो. साधं औषध किलोला १ मिलिग्रॅमच्या आसपास देतानाच हात थरथरतो, फुग्यातलं पाचपट देता येतं. औषध तेच, फक्त गाडी बदलली.

आता हे सगळं परदेशात चाललं होतं आणि आपण वाट पाहत बसलो होतो असं समजू नका. अँबिसोमची किंमत इथल्या रुग्णाला झेपणारी नव्हतीच. दिल्ली विद्यापीठाच्या दक्षिण परिसरात बिमल कुमार बच्छावत हे जीवरसायनशास्त्रज्ञ लायपोसोमवर काम करत होते आणि मुंबईत परळच्या केईएम रुग्णालयात, सेठ जी. एस. वैद्यकीय महाविद्यालयात, डॉ. नीलिमा क्षीरसागर औषधशास्त्राचा विभाग चालवत होत्या. या दोन ठिकाणांनी मिळून भारतीय लायपोसोमल अ‍ॅम्फोटेरिसिन तयार केलं. प्राण्यांवर तपासलं, मग केईएमसारख्या महापालिकेच्या रुग्णालयात रुग्णांवर. पुढं ते लाइफकेअर या कंपनीकडं गेलं आणि फंगिसोम नावानं बाजारात आलं. डॉ. क्षीरसागर नंतर त्याच महाविद्यालयाच्या अधिष्ठाता झाल्या. मला या औषधातली एक गोष्ट फार आवडते. देण्याआधी त्याची बाटली पंचेचाळीस मिनिटं अल्ट्रासोनिक यंत्रात ठेवायची असते, चष्म्याच्या दुकानात काचा धुवायला असतं त्याच जातीच्या यंत्रात. ध्वनिलहरींनी मोठे फुगे फुटून त्यांचे लहान होतात. फुगे लहान करायचं शेवटचं काम कारखान्यात न उरकता रुग्णाच्या खाटेशेजारी केलं, की खर्च आटोक्यात राहतो. चार पैशांत मोठं काम करायची ही अक्कल आपल्याकडचीच.

अंबरनाथला कारखाना असलेल्या भारत सीरम्सनंही चरबीतलं अ‍ॅम्फोटेरिसिन बनवलं, लायपोसोमचं आणि तेलाच्या बारीक थेंबांचं, दोन्ही. पुण्यात राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत मुरली शास्त्री आणि त्यांचे सहकारी बुरशीकडून आणि झाडपाल्याकडून चांदी-सोन्याचे नॅनोकण बनवून घेत होते. २००४ साली त्यांनी चक्क गवती चहाच्या अर्कातून सोन्याचे त्रिकोणी कण काढले. थोडक्यात, २०२१ साल उजाडलं तेव्हा हे ज्ञान महाराष्ट्राला नवं नव्हतं. परळला ते येऊन दोन पिढ्यांचे डॉक्टर शिकून बाहेर पडले होते.

आणि तरीही आपल्या दोस्ताला दिवसाला सहा बाटल्या मिळत नव्हत्या.

का, ते मी नंतर शोधत बसलो. हा रोग एरवी थोड्यांना होतो, म्हणून कंपन्या थोडंच बनवत. अचानक हजारो रुग्ण आले, त्यातही सगळ्यात जास्त गुजरात आणि महाराष्ट्रात. फुग्यासाठी लागणारी चरबी साध्या तेलासारखी नसते. अतिशुद्ध, ठरावीक रेणूंची असावी लागते, जगात ती बनवणारे मोजके आहेत आणि फुगे एकाच मापाचे करून गोठवून सुकवायला दिवस लागतात. रेमडेसिविरसारखं यंत्र फिरवलं आणि उत्पादन दुप्पट झालं असं इथं होत नाही. मे महिन्यात केंद्रानं आणखी पाच कंपन्यांना परवाने दिले, त्यात पुण्याची एमक्युअर होती. वर्ध्याच्या जेनेटिक लाइफ सायन्सेसनं महिनाअखेरीस चरबीच्या थेंबांतलं औषध काढायला सुरुवात केली. १२ जूनला जीएसटी परिषदेनं त्यावरचा कर शून्य केला. राज्यानं उपचार महात्मा फुले योजनेत घेतले. सगळं झालं, पण बुरशी परवान्याची वाट पाहत नाही. ज्ञान घरात असणं वेगळं आणि बाटली खाटेपाशी असणं वेगळं. मधुमेहाचा एवढा देश, त्यानं या औषधाचा साठा आधीच का ठेवला नाही, याचं पटणारं उत्तर मला अजून मिळालेलं नाही.

तेव्हा बाटल्या जिल्हा प्रशासनामार्फत वाटल्या जात. एक दिवस चार, एक दिवस दोन, दोन दिवस एकही नाही. आपल्या ग्रुपवर तेव्हा काय चाललं होतं ते तुम्हाला आठवत असेल. हैदराबाद, अहमदाबाद, पुणे, कुणाच्या मेव्हण्याची कंपनी, कुणाच्या साहेबाची ओळख. पाच-सात हजारांच्या घरातली एकेक बाटली, आणि तीन दिवसांत जमलेले पैसे. ज्या बाईंनी आपल्याला दुसरीत शिकवलं त्यांनी पेन्शनमधून दोन बाटल्यांचे पैसे पाठवले आणि कुणाला सांगू नका म्हणाल्या. मी सांगतोय, बाई, रागावू नका.

मधल्या कोरड्या दिवसांत डॉक्टरांनी त्याला साधं अ‍ॅम्फोटेरिसिन दिलं, दुसरा मार्गच नव्हता. पाच-सहा तास थेंबथेंब चालायचं. बाहेर बेचाळीस अंश ऊन आणि हा अशी हुडहुडी भरून कापायचा की वहिनींनी त्याच्या अंगावर तीन चादरी टाकून वर स्वतः दाबून बसावं. सहाव्या दिवशी क्रिएटिनिन १.१ वरून २.९ वर गेलं. मग पुण्याहून आपल्या एकानं थर्माकोलच्या पेटीत बाटल्या आणल्या, एसटी बंद होती म्हणून मोटारसायकलवर. फुग्यातलं औषध सुरू झालं. कापरं थांबलं, क्रिएटिनिन हळूहळू उतरलं. एकाच माणसाच्या अंगावर मी या औषधाचा साठ वर्षांचा इतिहास दोन आठवड्यांत पाहिला.

त्या दिवसांत मी दुकान मुलाकडं सोपवून रोज दुपारी वॉर्डाच्या दाराशी असायचो. एकदा बाटली सलाइनमध्ये मिसळायची तयारी दिसली तेव्हा मी आत ओरडलो. या फुग्यांना मिठाचं पाणी चालत नाही, औषधाचा साका होतो. ते डेक्स्ट्रोजमध्येच द्यावं लागतं, म्हणजे मधुमेहाच्या रुग्णाला साखरेच्या पाण्यातून, वर इन्सुलिन लावून. सिस्टरनं शांतपणे मला बाहेर काढलं. सलाइन दुसऱ्या खाटेसाठी होतं. पण मला काहीतरी करायचं होतं हो.

पाच आठवड्यांनी तो घरी आला. पुढं काही महिने पोसाकोनाझोलच्या गोळ्या चालल्या. आता कंदरच्या बाजूला त्याची केळी आहे, एका डोळ्यानं घड मोजतो आणि व्यापाऱ्यापेक्षा अचूक मोजतो. साखर दर महिन्याला माझ्याच दुकानात तपासतो. गोळ्यांचं मी त्याला त्याच वर्षी दिवाळीत सांगितलं होतं. धरणाच्या पाण्याकडं तोंड करून बसलो होतो, लांब रोहित पक्षी होते. तो बराच वेळ बोलला नाही. मग म्हणाला, "चिठ्ठी पाव्हण्याची व्हती, ती मी धाडली. तू दिल्या. आता वहीत दोघांचीबी नावं लिही." आता माझ्या दुकानात दुसऱ्याच्या चिठ्ठीवर स्टिरॉइड मिळत नाही. गिऱ्हाईक चिडतं, शेजारच्या दुकानात जातं.

हा लेख छापायला देण्याआधी त्याला फोनवर वाचून दाखवला. इतिहासाचा भाग त्यानं गुमान ऐकला. मग विचारलं, "त्या बाटलीत औषध किती अन् चरबी किती, ते लिहिलंच नाहीस की."

मूळ अँबिसोमचा हिशेब मला पाठ आहे, तो सांगितला. औषध ५० मिलिग्रॅम. दोन जातींचे स्निग्ध पदार्थ आणि कोलेस्टेरॉल मिळून ३४९, म्हणजे औषधाच्या सातपट. आणि सुकवताना फुगे फुटू नयेत म्हणून ९०० मिलिग्रॅम साखर, आपली उसाचीच.

"साखर?"

"हो. तुझ्या सहा बाटल्यांत मिळून दिवसाला साडेपाच ग्रॅमच्या आसपास."

"म्हंजे मला चहात चमचाभर बंद केलीस अन् शिरंतनं चालू ठिवलीस," तो म्हणाला, आणि यंदा कारखान्यानं उसाला काय भाव दिला ते विचारायला लागला.